आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही : कमी पारगम्यतेच्या खडकातला नैसर्गिक वायू

पाषाणवेध
नैसर्गिक वायूच्या नव्या साठ्याची बातमी येते तेव्हा तिच्यात बहुधा एकच आकडा ठळक असतो, आणि तो म्हणजे जमिनीखाली किती वायू आहे. खडकांचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केल्यानंतर मला असे ठामपणे वाटते की, ज्याला या क्षेत्रात सगळे ‘टाइट गॅस’ म्हणतात, म्हणजे ज्यातून काहीही फार कष्टाने वाहते अशा घट्ट खडकातला वायू, त्याच्या बाबतीत हा आकडा सर्वांत कमी उपयोगाचा आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. इथे आडात भरपूर असते आणि तरी पोहरा रिकामाच वर येतो. किती वायू आहे यापेक्षा तो किती अंतरावरून आणि किती काळात विहिरीपर्यंत पोहोचेल, हे आधी विचारायला हवे. या धाग्यात त्याचीच चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

आधी पारगम्यतेचे, म्हणजे खडकातून पाणी किंवा वायू किती सहज वाहू शकतो याचे, माप पाहू. फ्रान्समधील दीजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करताना हेन्री डार्सी यांनी वाळूच्या थरांतून पाणी किती वेगाने झिरपते याचे प्रयोग केले आणि १८५६ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांच्याच नावाने हे माप ओळखले जाते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाच्या दोन टोकांमध्ये एका वातावरणाच्या दाबाचा फरक ठेवला आणि त्यातून दर सेकंदाला एक घनसेंटिमीटर पाणी गेले, तर त्या पदार्थाची पारगम्यता साधारण एक डार्सी. चांगला वालुकाश्म काही दहा ते काही शे मिलिडार्सींचा असतो (मिलिडार्सी म्हणजे डार्सीचा हजारावा भाग). टाइट गॅसचा खडक ०.१ मिलिडार्सीच्या खाली असतो, आणि पुष्कळदा ०.०१ किंवा ०.००१ पर्यंत उतरतो. ०.०१ मिलिडार्सीच्या त्याच घनातून त्याच दाबाखाली संपूर्ण दिवसभरात एक घनसेंटिमीटरही पाणी बाहेर पडत नाही. वायू पाण्यापेक्षा कितीतरी पातळ असल्यामुळे तो अधिक सहज वाहतो, आणि हा सगळा खटाटोप शक्य होतो तो एवढ्याच कारणामुळे.

नमुना हातात घेतला की फरक लगेच कळतो. एक इंच व्यासाचा, दीड इंच लांबीचा साध्या वालुकाश्माचा तुकडा ओठांना लावून फुंकला आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला साबणाचे पाणी लावलेले असले, तर बुडबुडे येताना दिसतात. टाइट वालुकाश्माचा तुकडा गाल दुखेपर्यंत फुंकला तरी साबणाचा पापुद्रा हलत नाही. त्याच तुकड्याच्या सपाट बाजूवर पाण्याचा थेंब ठेवला तर तो बराच वेळ घुमटासारखा बसून राहतो, आणि मग अगदी सावकाश एक ओलसर डाग मागे ठेवून आत शिरतो. तरीही त्या तुकड्याच्या आकारमानाचा सहा ते दहा टक्के भाग पोकळ असतो. पोकळी असते, पण एका पोकळीतून दुसरीत जाणाऱ्या वाटा एका मायक्रोमीटरहूनही अरुंद असतात.

नवखा असताना केलेली एक चूक इथे सांगायला हवी. एका क्षेत्रातील नमुन्यांची पारगम्यता मी नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे अगदी कमी दाबाखाली, हवेने मोजली आणि अहवालात तशीच लिहिली. तीन किलोमीटर खोलीवर वरच्या थरांचा दाब सुमारे ७० मेगापास्कल असतो; त्यातून छिद्रांतील वायूचा दाब वजा केला तरी खडकाच्या कणांवर जवळजवळ ४० मेगापास्कलचा भार राहतो. खडक वर आणला की हा भार निघून जातो आणि कणांमधल्या चिरांसारख्या पातळ वाटा उघडतात. पुढे कोणीतरी तेच नमुने खोलीवरचा भार देऊन पुन्हा मोजले, तेव्हा माझ्या आकड्यांपेक्षा उत्तर जवळपास दहापट कमी आले. जास्त पारगम्यतेच्या खडकात ही दुरुस्ती नगण्य असते, पण टाइट खडकात तिच्यावर विहिरीचे भवितव्य ठरते. त्यावर दुसरीही दुरुस्ती करावी लागते: कमी दाबाचा वायू अरुंद वाटांच्या भिंतींवरून घसरत जातो आणि खडक आहे त्याहून मोकळा भासतो. क्लिंकनबर्ग यांनी १९४१ मध्ये हे दाखवून दिले होते. माझ्या त्या अहवालावरून विहिरींमधली अंतरे ठरली होती, ही गोष्ट आजही मला बोचते.

जिज्ञासू
लेख आवडला. दोन शंका आहेत. खोलीवर खडकात वायूबरोबर पाणीही असते असे वाचले आहे; त्या पाण्याचा काय परिणाम होतो? आणि खडक इतका बंदिस्त असेल तर तो सरसकट फोडून का काढत नाहीत?

पाषाणवेध
जिज्ञासू, पाण्याचा परिणाम मोठा आहे. पाणी कणांना चिकटते आणि सर्वांत अरुंद वाटा आधी अडवते. त्यामुळे निम्मी छिद्रे पाण्याने भरलेली असतील तर वायूसाठी उरणारी पारगम्यता निम्मी राहत नाही. ती कोरड्या खडकाच्या दहाव्या हिश्श्यावर, किंवा त्याच्याही खाली जाऊ शकते. पाण्याचे एक विशिष्ट प्रमाण असेही असते की ज्यात वायूही वाहत नाही आणि पाणीही वाहत नाही, आणि त्या थरातून विहिरीत काहीच येत नाही. शिवाय ०.१ मायक्रोमीटर त्रिज्येच्या वाटेत अडकलेले पाणी ढकलून बाहेर काढायला दहा वातावरणांहून अधिक दाब लागतो. म्हणूनच खडकात भेग पाडून वायू मोकळा करण्यासाठी आपण जे पाणी दाबाने आत घालतो, तेच पाणी भेगेच्या भिंतीत मुरून वायूची वाट अडवू शकते.

दुसऱ्या शंकेविषयी सांगायचे तर हा प्रयत्न अगदी शब्दशः झालेला आहे. अमेरिकेत अणुस्फोटांच्या शांततामय वापराच्या कार्यक्रमाखाली १० डिसेंबर १९६७ रोजी न्यू मेक्सिकोत सुमारे १,३०० मीटर खोलीवर २९ किलोटनांचा अणुस्फोट केला गेला. त्या प्रकल्पाचे नाव ‘गॅसबगी’. १९६९ मध्ये कोलोरॅडोत ‘रुलिसन’, आणि १९७३ मध्ये तिथेच ‘रिओ ब्लँको’ येथे एकाच विहिरीत तीन स्फोट झाले. खडक फुटला आणि वायूही आला, पण त्यात किरणोत्सारी ट्रिटियम आणि क्रिप्टॉन मिसळलेले असल्यामुळे तो कधीच विकता आला नाही. मला यात तांत्रिक धडाही दिसतो. स्फोटाने विहिरीभोवतीचा गोलाकार भाग चूर होतो, परंतु वायू त्या गोलाच्या पलीकडे शेकडो मीटरांवर असतो. विहिरीजवळ खडकाचा चुरा करण्याऐवजी दूरवर जाणारी एक पातळ, उघडी राहणारी वाट हवी असते.

लंबक
ती वाट तयार करण्याच्या कामावर मी प्रत्यक्ष असतो, म्हणून थोडी भर घालतो.

पहिले हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग, म्हणजे दाबाने द्रव घालून खडकात भेग पाडणे, १९४७ मध्ये कॅन्ससमधील ह्युगोटन वायूक्षेत्रात झाले. नापामने घट्ट केलेले पेट्रोल त्या विहिरीत दाबाने घातले होते, आणि उत्पादनात फारशी वाढ झाली नाही. व्यावसायिक वापर १९४९ मध्ये सुरू झाला. आज आम्ही पाणी वापरतो आणि ते घट्ट करण्यासाठी पुष्कळदा गवारीच्या बियांपासून काढलेला गवार गम घालतो. बोरॉनची संयुगे मिसळली की या द्रवाची इतकी चिकट जेली होते की चमच्याने उचलली तर ओघळण्याऐवजी लोंबत राहते. अशा जेलीत वाळू तरंगती राहते आणि भेगेच्या टोकापर्यंत वाहून नेता येते. काही तासांनी ही जेली पुन्हा पाण्यासारखी पातळ व्हावी लागते, म्हणून तिच्यात ती तोडणारी विकरे किंवा ऑक्सिडीकारक रसायने आधीच घातलेली असतात. जेली पूर्ण तुटली नाही तर तिचा चिकट अवशेष वाळूत साचतो आणि एवढ्या कष्टाने केलेली वाट बुजते. जगातल्या गवारीच्या उत्पादनाचा फार मोठा भाग राजस्थान आणि त्याच्या आसपासच्या कोरडवाहू शेतीतून येतो.

वाळूबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. पंप थांबला की भेग मिटायला लागते, आणि ती उघडी ठेवण्याचे काम वाळूचे कण करतात. भार साधारण ४० मेगापास्कलच्या पुढे गेला की साधी वाळू चिरडू लागते आणि तिचा भुगा कणांमधल्या जागा भरतो. म्हणून खोल विहिरींत महागडे सिरॅमिकचे कण वापरावे लागतात. खर्च वाचवण्यासाठी साधी वाळू वापरलेली विहीर सुरुवातीला उत्तम चालते आणि विहिरीतला दाब खाली आणला की तिचा प्रवाह अपेक्षेपेक्षा लवकर उतरतो, हे मी पाहिले आहे.

पाषाणवेध
लंबक, मनापासून आभार. भेगेने नेमके काय साधते ते आकड्यांत मांडतो. ३० मीटर जाडीच्या थरात उघड्या विहिरीच्या भिंतीचे क्षेत्रफळ जेमतेम २० चौरस मीटर भरते. त्याच थरात दोन्ही बाजूंना दीडशे मीटर जाणारी भेग केली, तर तिच्या चार भिंतींचे मिळून १८,००० चौरस मीटर होतात, म्हणजे सुमारे ९०० पट. खडकाची पारगम्यता तसूभरही वाढलेली नसते. वायूला खडकातून करावा लागणारा प्रवास मात्र तेवढ्या पटीने सोपा झालेला असतो.

भेग कुठल्या दिशेला जाईल हे आपल्या हातात नसते. खडकावरचा ताण ज्या दिशेला सर्वांत कमी असतो त्या दिशेला काटकोनात ती उघडते, आणि काही शे मीटरांपेक्षा अधिक खोलीवर ती सहसा उभी असते. परिणामी एका विहिरीने रिकामा होणारा भाग वर्तुळाकार नसून लांबट असतो. विहिरी चौकोनी जाळीत समान अंतरावर खोदल्या तर भेगांच्या दिशेने त्या एकमेकींच्या वाट्याचा वायू ओढतात, आणि आडव्या दिशेने मधला पट्टा अस्पर्श राहतो. कोलोरॅडोतील पिसिआन्स खोऱ्यात प्रत्येक विहिरीमागे १० एकर, म्हणजे साधारण दोनशे मीटर बाजूचा चौरस, इथपर्यंत विहिरी दाट कराव्या लागल्या, कारण तिथला वालुकाश्म जुन्या नद्यांनी टाकलेल्या सुट्या भिंगांच्या स्वरूपात आहे आणि एक भिंग दुसऱ्याला जोडलेले असेलच असे नाही. वायोमिंगमधील जोना आणि पाइनडेल या क्षेत्रांची रचनाही अशीच आहे. अशा ठिकाणी आडवी विहीर एखाद-दुसऱ्याच भिंगातून जाते, तर उभी विहीर अनेक भिंगांना छेदते आणि त्यांत टप्प्याटप्प्याने भेगा करता येतात. म्हणून ‘आडवी विहीर म्हणजे प्रगत विहीर’ हे सरसकट विधान मला मान्य नाही. थर सलग असेल तिथे आडवी विहीर अर्थातच सरस ठरते.

ताळेबंद
मी उत्पादनाचे अंदाज आणि साठ्यांचे मूल्यांकन तपासतो. ०.१ मिलिडार्सी ही सीमा निसर्गाने आखलेली नाही. ती अमेरिकेच्या १९७८ च्या नैसर्गिक वायू धोरण कायद्याच्या अंमलबजावणीतून आली, आणि कोणत्या विहिरीच्या वायूला वाढीव दर द्यायचा हे ठरवण्यासाठी ती हवी होती. १९८० च्या कायद्याने अशा वायूला करसवलतही मिळाली आणि १९९२ च्या अखेरीपर्यंत खोदलेल्या विहिरी तिला पात्र ठरल्या. अभियंत्यांमध्ये स्टीफन होल्डिच यांची व्याख्या अधिक रुळली: मोठी भेग केल्याशिवाय किंवा आडवी अथवा बहुशाखी विहीर खोदल्याशिवाय जो साठा परवडणाऱ्या दराने वायू देत नाही, तो टाइट. मला ही व्याख्या प्रामाणिक वाटते, कारण ती पारगम्यतेबरोबर जाडी, दाब आणि बाजारभाव यांनाही हिशेबात घेते.

माझी खरी काळजी घटीच्या वक्राबद्दल, म्हणजे विहिरीचे उत्पादन काळाबरोबर कसे उतरते हे दाखवणाऱ्या रेषेबद्दल आहे. आर्प्स यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या समीकरणात ‘बी’ नावाचा एक घातांक असतो. साठ्याच्या सीमेपर्यंत दाबाचा परिणाम पोहोचला असेल तर तो शून्य ते एक यांच्या दरम्यान राहतो. टाइट गॅसमध्ये पहिली काही वर्षे दाबाची घट सीमेपर्यंत पोहोचलेलीच नसते, त्यामुळे आकड्यांशी जुळवलेला ‘बी’ एकाच्या वर जातो, काही वेळा दोनपर्यंतही. तोच वक्र कायम पुढे ओढला तर गणिताने एकूण उत्पादन अमर्याद निघते. हे अशक्य आहे हे उघड असूनही असे अंदाज माझ्यासमोर वारंवार आले आहेत, आणि त्यांवर कर्जे घेतली गेली आहेत.

जिज्ञासू
दाबाची घट सीमेपर्यंत पोहोचायला वर्षे का लागतात, ते कृपया उलगडून सांगाल का?

पाषाणवेध
जरूर. माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा इथेच आहे. विहीर उघडली की दाबाची घट खडकातून हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत जाते. ८ टक्के सच्छिद्रता आणि सुमारे २३ मेगापास्कल दाबाचा वायू धरून नेहमीचे समीकरण वापरले, तर ०.०१ मिलिडार्सीच्या खडकात एका वर्षात ही घट सुमारे १३० मीटर जाते. पारगम्यता ०.००१ असेल तर वर्षभरात ती ४० मीटरच्या आसपासच अडकते. आता १० मिलिडार्सीचा साधा खडक घेऊ: तेच १३० मीटर तिथे नऊ तासांत पार होतात. साध्या वायूक्षेत्रातली विहीर दोन दिवस चालवून साठ्याविषयी जे कळते, ते टाइट क्षेत्रात कळायला काही वर्षे जावी लागतात. मधल्या काळात मनुष्याची घाई, कर्जाचा हप्ता आणि बाजारभाव यांतले काहीच थांबत नाही.

लांब भेग असलेल्या विहिरीत सुरुवातीचा प्रवाहदर काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. पहिल्या महिन्याच्या अखेरीस जो दर असेल, तो चौथ्या महिन्याच्या अखेरीस निम्मा, नवव्याच्या अखेरीस एक तृतीयांश आणि सोळाव्याच्या अखेरीस एक चतुर्थांश होतो. ही घसरण पाहून विहीर मेली असे समजणारे आहेत, आणि पहिल्या महिन्याचा आकडा बाराने गुणून वर्षाचे उत्पन्न मांडणारेही आहेत. दोघांचीही फसगत होते. विहीर खडकाच्या नियमाप्रमाणे चाललेली असते, आणि पुढे ती कमी दराने दोन-तीन दशकेही चालू शकते.

आणखी एक गुंता निसर्गतः असलेल्या भेगांचा आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने कोलोरॅडोत रायफल गावाजवळ केवळ काही दहा मीटर अंतरावर तीन विहिरी खोदून सविस्तर प्रयोग केले. कोअरच्या, म्हणजे विहिरीतून कापून वर आणलेल्या खडकाच्या, तुकड्यांतून मिळालेली पारगम्यता आणि विहिरीच्या चाचणीतून मिळालेली पारगम्यता यांत मोठी तफावत निघाली. विहिरीची कितीतरी अधिक होती, कारण नैसर्गिक भेगा एक इंचाच्या तुकड्यात क्वचितच सापडतात. या भेगा मुख्यतः एकाच दिशेला असल्यामुळे वायूही त्या दिशेला सहज आणि आडवा फार कष्टाने वाहत होता. माझ्या प्रयोगशाळेचा आकडा कितीही काळजीपूर्वक काढलेला असला तरी तो एकटा पुरत नाही, हे मी म्हणूनच मान्य करतो. मोठे काम करण्याआधी थोडेसे पाणी आत घालून पंप बंद करावा आणि दाब कसा उतरतो ते दिवसचे दिवस पाहावे; त्यातून भेग मिटण्याचा दाब, साठ्याचा दाब आणि प्रत्यक्ष पारगम्यता यांचा बराच विश्वासार्ह अंदाज मिळतो. ही चाचणी स्वस्त आहे, फक्त ती वेळ मागते, आणि घाईत सर्वांत आधी तिच्यावरच काट मारली जाते.

झरा
मी भूजलाचा अभ्यास करते. एवढ्या चर्चेत पाण्याचा आणि वरच्या माणसांचा उल्लेख ओझरता आला, म्हणून लिहीत आहे.

भेगा दोन-तीन किलोमीटर खाली असतात, त्यामुळे त्या थेट पिण्याच्या पाण्याच्या थरापर्यंत येणे दुर्मीळ आहे, हे मला मान्य आहे. पण ‘खोली भरपूर आहे’ हे सर्वत्र खरे नसते. वायोमिंगमधील पॅव्हिलियन हे टाइट गॅसचे क्षेत्र आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०११ च्या मसुदा अहवालानुसार तिथे ३७२ मीटर इतक्या उथळ खोलीवर फ्रॅक्चरिंग झाले होते, तर घरगुती विहिरी २४४ मीटरपर्यंत गेल्या होत्या. त्या अहवालातील निष्कर्षांवर वाद झाला आणि तो कधी अंतिम झाला नाही, पण उभे अंतर किती कमी होते हे त्यातून दिसते. याच संस्थेने २०१६ मध्ये देशव्यापी आढावा घेताना असे म्हटले की, काही परिस्थितींत या कामांचा पिण्याच्या पाण्यावर परिणाम होऊ शकतो. केसिंगमागच्या (विहिरीत बसवलेल्या पोलादी नळाच्या मागच्या) सिमेंटमधील दोष, जमिनीवरील सांडणे आणि परत येणाऱ्या खारट पाण्याची अपुरी प्रक्रिया या वाटा मला भेगांपेक्षा अधिक चिंतेच्या वाटतात. लांब आडव्या विहिरीला दहा-वीस हजार घनमीटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते, आणि परत आलेले पाणी खोल थरांत सोडले की काय होते ते ओक्लाहोमाने दाखवले: २०१६ मध्ये पॉनी येथे ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि त्याचा संबंध सांडपाणी खोल जिरवण्याशी जोडला गेला.

विहिरींची संख्या हाही माझा आक्षेप आहे. साध्या साठ्यात जे काम दहा विहिरी करतात त्यासाठी इथे शेकडो लागत असतील, तर प्रत्येक केसिंगमागचे सिमेंट हा एकेक स्वतंत्र धोका आहे, आणि त्याला दोन-तीन दशके टिकायचे आहे.

लंबक
झरा, सिमेंटबद्दल आपण म्हणता ते शंभर टक्के खरे आहे. केसिंग विहिरीच्या मध्यभागी नसले तर अरुंद बाजूला सिमेंट पोहोचत नाही आणि तिथे चिखलाची एक उभी पट्टी राहते. ध्वनिलहरींची चाचणी घेऊन ती पकडता येते, आणि चाचणी समाधानकारक नसेल तर काम थांबवण्याचा अधिकार जागेवरच्या माणसाला असला पाहिजे. एकाच चौथऱ्यावरून वीस किंवा अधिक विहिरी तिरक्या खोदता येतात, त्यामुळे रस्ते आणि जमीन यांवरचा भार कमी होतो. सिमेंटचा प्रश्न मात्र तेवढाच राहतो. सुरुवातीला परत येणाऱ्या पाण्याबरोबरचा वायू पूर्वी हवेत सोडला किंवा जाळला जाई. अमेरिकेत २०१२ च्या नियमांनी तो पकडणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक केले.

पाषाणवेध
विहिरींच्या संख्येचा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. खडक नीट न मोजता दाट खोदलेल्या विहिरी हा दुहेरी तोटा आहे. जुन्या विहिरीभोवतीचा दाब उतरला की तिथला ताणही कमी होतो, आणि शेजारी नंतर खोदलेल्या विहिरीची भेग नेमकी त्या रिकाम्या भागाकडे धावते. नवीन विहिरीला कमी वायू मिळतो आणि जुनीत पाणी शिरते. अशी विहीर खोदली नसती तर वायू जवळपास तेवढाच मिळाला असता आणि सिमेंटचा एक धोका टळला असता. मोजणीसाठी दिलेला वेळ झरा यांच्या चिंतेवरही थोडाफार उपाय आहे, एवढेच मी म्हणू शकतो.

जिज्ञासू
शेवटची एक शंका. विहीर काही दिवस बंद ठेवून पुन्हा उघडली की प्रवाह एकदम वाढतो, असे ऐकले आहे. मग विहिरी आलटून पालटून बंद ठेवल्या तर एकूण वायू जास्त मिळेल का?

पाषाणवेध
नाही. बंद काळात दूरचा वायू भेगेजवळ सरकतो आणि तिथला दाब सावरतो, म्हणून उघडल्यावर काही काळ दर वाढतो. पण थोड्याच अवधीत तो जुन्या घटीच्या रेषेवर परत येतो. त्या उसळीने साठ्यात भर पडत नाही.

बंद ठेवण्याचा एक खरा उपयोग मात्र आहे. दर कमी झाला की वायूचा वेग पाण्याचे थेंब वर उचलायला अपुरा पडतो, पाणी तळाशी साचते आणि त्याच्या वजनाने विहीर गुदमरते. अशा विहिरीत नळीच्या आत बसेल असा एक धातूचा दट्ट्या सोडतात. विहीर बंद असताना तो तळाशी जाऊन बसतो, खाली दाब साठतो, आणि झडप उघडली की तो डोक्यावरचा पाण्याचा स्तंभ घेऊन वर येतो. विहिरीच्या तोंडाशी उभे राहिले तर तो वर येऊन आदळल्याचा ठणका स्पष्ट ऐकू येतो, पाठोपाठ पाण्याचा एक फवारा विभाजकात (पाणी आणि वायू वेगळे करणाऱ्या टाकीत) जातो आणि मग कोरडा वायू सुरू होतो. झडप किती वेळ बंद ठेवायची हे त्या विहिरीच्या खडकाची पारगम्यता ठरवते. एका विहिरीला तासाभराचा अवधी पुरतो, तर शेजारच्याच दुसरीला अर्धा दिवस द्यावा लागतो.